वरचा, खालचा आणि मी

औरंगाबादहून येऊन आज पंधरा दिवस झाले. आडावर रोज कुणीतरी विचारतं, "काय काय बघितलं गं?" मी सांगते, बीबीचा मकबरा बघितला, पाणचक्की बघितली, शहागंजातला घड्याळाचा मनोरा बघितला. तेवढ्यावर बायांचं समाधान होतं. जे खरं बघितलं ते सांगत नाही, कारण चार माणसांत माझा आवाज निघत नाही. म्हणून धाकट्या लेकीच्या जुन्या वहीत उरलेल्या पानांवर हे लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण मास्तर माझं अक्षर दुसऱ्यांना दाखवायचे. ही वही कुणाच्या हाती लागली आणि त्याला हसू आलं, तर त्यानं खुशाल हसावं. मी एक ओळ खोडणार नाही.

आधी माणसं सांगते. माझे मालक आणि गणपत हे दोघं करवत ओढणारे. मोठं खोड खड्ड्यावर आडवं टाकतात. एक जण खोडावर उभा राहतो, दुसरा खाली खड्ड्यात. मध्ये पुरुषभर लांब करवत. वरचा रेघ सांभाळतो, खालचा जोर लावतो, आणि सगळा भुसा खालच्याच्या तोंडावर पडतो. आमचे हे वरचे, गणपत खालचा. पोलीस ॲक्शन झाली त्या साली दोघांची गाठ पडली. सिल्लोडच्या बाजूला गावोगाव जळलेली घरं पुन्हा उभी राहत होती. हिंदूंच्या घरांना दारं हवी होती, मुसलमानांच्या घरांनाही हवी होती. ह्या दोघांनी सगळ्यांच्या फळ्या काढल्या, आणि पुढं बावीस वर्षं ती करवत सोडली नाही.

खड्ड्यातून दिवसाकाठी पाच-सात वेळा हाक यायची, "दगड्या, गेलं रे." म्हणजे डोळ्यात भुसा गेला. हे खोडावरून उडी मारून खाली जायचे. गणपतचं डोकं मांडीवर घ्यायचे. धोतराच्या सोग्याच्या चार घड्या करून तोंडाशी धरायचे, आत वाफ सोडायचे आणि तो ऊन सोगा त्याच्या डोळ्यावर ठेवायचे. मग पापणी उलटून कण टिपायचे. आई लेकराला करते तसं. मी भाकरी घेऊन गेले की हे बघायची. लग्न नवं होतं तेव्हा मला राग यायचा. माझ्या डोळ्यात चुलीची राख गेली तर हे म्हणायचे, "पाणी मार."

गावात गणपतला माझी सवत म्हणतात. "सवतीनं काय धाडलं?" "आज सवतीकडं मुक्काम का?" मी मान खाली घालून घागर भरायची. बावीस वर्षं तेच केलं.

गणपत ह्यांच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. आमच्यात नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बाई बोलत नाही, तशी मी त्यांच्यासमोर बोलत नसे. तेही माझ्याशी बोलत नसत. जेवून उठले की भिंतीकडं बघून म्हणायचे, "दगड्या, घरात सांग, येसराची आमटी लई चांगली झाली."

मग त्यांना दिसेनासं झालं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा मधुकर त्यांना औरंगाबादला घेऊन गेला. करवत आमच्या आढ्याला टांगली गेली. आणि आता मधुकरचं पत्र आलं की, दादांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे, पण दगडूकाका आल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही म्हणतात, तरी यावे.

हे लगेच पिशवी भरू लागले. मी म्हणाले, "मलाही न्या."

"तुला कशाला?"

"मकबरा बघायचाय."

खरं कारण वेगळं होतं. ह्या माणसाला दुसऱ्या माणसाची एवढी ओढ कशी लागते, ते मला एकदा जवळून बघायचं होतं.

सिल्लोड ते दिल्ली दरवाजा

एस.टी.त ह्यांनी तुपाचा डबा मांडीवर धरला होता. गणपतसाठी म्हशीचं घरचं तूप. धपाट्यांची पिशवी माझ्याकडं. फुलंब्रीपर्यंत सगळं ठीक होतं. चौक्याच्या घाटात गाडी वळली, झाकण उडालं आणि पावशेर तूप कंडक्टरच्या पायावर गेलं. मला वाटलं आता उतरवतो. त्यानं बूट बघितला आणि म्हणाला, "मामा, चपाती पण द्या आता." सगळी गाडी हसली. हे मात्र उरलेलं तूप किती ते बघत होते.

हर्सूलचं तळं मागं पडलं आणि दिल्ली दरवाजा आला. एवढा मोठा दरवाजा आणि त्याला दारच नाही. ह्यांनी वर बघून विचार केला आणि म्हणाले, "ह्याच्या फळ्या काढायला आम्हाला सहा महिने लागले असते."

शहागंजात टांगा ठरवताना मी एक गोष्ट बघितली. दोन दाढीवाले म्हातारे मुसलमान करंगळीत करंगळी अडकवून गर्दीतून चालले होते. एक पेरू बघायला थांबला की दुसराही थांबायचा. बोट सुटत नव्हतं. त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं, हसत नव्हतं. फक्त मीच बघत होते. टांगेवाला म्हणाला, "बैठो मौसी, क्या देखते?" मी बसले. आमच्या गावात बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, वेणी घालतात, मांडीवर डोकं ठेवतात, आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही. पुरुषांना मात्र कुस्ती खेळायची असेल तरच अंगाला हात लावायची मुभा. हे कुणी ठरवलं?

बेगमपुरा

मधुकर एका ऑफिसात कारकून आहे. बेगमपुऱ्यात त्याच्या दोन खोल्या. आम्ही पोचलो तेव्हा गणपत ओट्यावर बसले होते. ह्यांच्या चपलांचा आवाज ऐकून उभे राहिले. दोघांनी एकमेकांना मिठी घातली. मग गणपतनं ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, मिशा, हनुवटी. "वाळलास रे," म्हणाले. दोघांच्या डोळ्यांत पाणी. शेजारची दोन-तीन माणसं दारात येऊन बघत होती. मधुकरनं घाईघाईनं आम्हाला आत घेतलं.

जेवताना तो म्हणाला, "काका, दवाखान्यात जरा बेतानं. माझ्या ऑफिसातले लोक भेटायला येतील."

हे म्हणाले, "मी काय करणार हाय? बसून राहीन."

मधुकरच्या बायकोनं, शालिनीनं, दोघांची अंथरुणं खोलीच्या दोन टोकांना घातली. सकाळी बघते तर दोघं एकाच सतरंजीवर पाठीला पाठ लावून घोरत होते. दुसरी सतरंजी घडी घालून उशाला घेतली होती. शालिनी पदर तोंडाला लावून हसली. मधुकर हसला नाही.

दवाखाना

ऑपरेशन चांगलं झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या ठेवल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस मान हलवायची नाही, चावायचं नाही, खोकायचं नाही, पट्टीला तर कुणीच हात लावायचा नाही. टाके तुटले तर डोळा गेला. दुसरा डोळा आधीच गेल्यात जमा होता, तेव्हा हा एकच.

हे स्टुलावर बसून राहिले. पेज चमच्यानं भरवायचे, ओठ पुसायचे. बाकी वेळ गणपतच्या पंजाखाली आपला पंजा. मी पायथ्याशी खाली बसायची. ऑफिसातले दोघं आले, त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मधुकर खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे घडलं. उकाडा होता. ह्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली होती. गणपतही पेंगत असावेत. त्यांच्या तोंडून निघालं, "दगड्या, गेलं रे."

हे उठले. डोळे अजून अर्धे मिटलेले. डाव्या हातानं सोगा उचलून घडी केली, तोंडाशी धरून वाफ सोडली, आणि उजव्या हातानं पट्टीची गाठ सोडायला लागले. मी बघत होते. मला कळत होतं. माझं तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. बावीस वर्षं दाबलेला आवाज तेव्हाही दबूनच राहिला. सिस्टर दुसऱ्या टोकाहून ओरडत धावली आणि तिनं ह्यांचं मनगट धरलं. गाठ निम्मी सुटली होती.

मधुकर आल्यावर सिस्टरनं त्याला सगळं सांगितलं. तो ह्यांना व्हरांड्यात घेऊन गेला.

"काका, डोळा घालवला असता तुम्ही."

"व्हय," हे म्हणाले.

"आधीच लोक हसतात. हात काय धरता, डोकं काय कुरवाळता. तुम्ही त्यांची बायको आहात का?"

हे आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत होते, जणू दुसऱ्याचे आहेत.

"तुम्ही आता वॉर्डात येऊ नका."

पाणचक्की

दुसऱ्या दिवशी सकाळी हे घरी नव्हते. मी शोधत गेले तर पाणचक्कीवर, हौदाच्या काठी वडाखाली बसले होते. जागा फार सुंदर आहे. लांबून खापराच्या नळातून आलेलं पाणी भिंतीवरून हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर आत दगडी जातं फिरतं. पूर्वी तिथं फकिरांसाठी पीठ दळायचे. मला ते जातं घरी न्यावंसं वाटलं.

मी शेजारी बसले. हे म्हणाले, "हात आपोआप गेला."

"माहीत आहे."

"मध्या बरोबर बोलला. माझ्या हातानं त्याचा डोळा गेला असता."

"मग काय करायचं?"

"गावाला जाऊ. पण त्याला सांगितल्याबिगर कसं जायचं?"

तिथल्या दर्ग्याचा म्हातारा खादिम, म्हणजे सेवेकरी, झाडत होता. आत दोन कबरी आहेत, त्याकडं बोट करून त्यानं आम्हाला सांगितलं, "ये उस्ताद, ये शागिर्द. जिंदगीभर साथ रहे, अब भी बाजूबाजू में." लोक तिथं फुलं वाहत होते, उदबत्त्या लावत होते. दोन पुरुष शेजारी निजले आहेत म्हणून कुणी तोंडाला पदर लावत नव्हतं. मेल्यावर चालतं, फकीर असला तर चालतं. जिवंत असला, करवत ओढणारा असला, की सवत. मला तिथं बसून असा राग आला की माझे कान तापले. राग मधुकरचा नव्हता, आडावरच्या बायांचाही नव्हता. गाठ सुटताना गप्प बसलेल्या माझ्याच तोंडाचा होता.

मी ह्यांना म्हणाले, "इथंच बसा. हलू नका." असं मी त्यांना आजवर कधी सांगितलं नव्हतं. ते बसले.

मी पेजेचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. गणपतनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कुणाच्या पावलांचा आवाज आला की मान तिकडं वळत होती. "दगड्या?" एक वाळूची पिशवी खाली पडली होती. सिस्टर ती उचलून म्हणत होती, "बाबा, असं केलं तर टाके राहणार नाहीत."

मधुकर म्हणाला, "दादा, काका गावाला गेले."

"नाय. सांगितल्याबिगर जायचा नाय तो." आणि पुन्हा मान वळायला लागली.

"मान हलवू नका," मी म्हणाले.

बावीस वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ते दगडासारखे स्थिर झाले. वॉर्डातली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी पदर सावरला, पण तोंड बंद केलं नाही.

"ते गावाला गेले नाहीत. पाणचक्कीवर बसलेत. मी त्यांना घेऊन येते."

"काकू," मधुकर म्हणाला, "काल काय झालं बघितलं ना?"

"बघितलं. आणि आज काय होतंय तेही बघते. त्यांच्या हातानं डोळा जाईल म्हणून तू त्यांना काढलंस, आता त्यांच्या वाटेकडं बघून डोळा जाईल."

सिस्टर म्हणाली, "परत पट्टीला हात लावला तर? जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

मला नातं सापडेना. मग जे बावीस वर्षं ऐकलं तेच बाहेर आलं. "गावात ह्यांना माझी सवत म्हणतात. म्हणजे मी ह्यांची. तेच लिहा."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा हसता हसता खोकायला लागला. सिस्टरनंही तोंड फिरवलं. गणपतचे ओठ हलले, पण मान हलली नाही. मधुकरचा चेहरा लाल झाला होता. "काकू, लोक ऐकतायत."

"ऐकू दे. तुझी आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. तुझा बाप अन्नाला शिवत नव्हता. तेरा दिवस तुझ्या काकांनी त्याच्या तोंडात घास घातला, मी करून देत होते. बावीस वर्षं भुसा काढून काढून हा डोळा डॉक्टरापर्यंत पोचवला तो त्याच हातांनी. तू विचारलंस ना, बायको आहात का? बायको मी आहे. मला चालतं. तुला का चालत नाही?"

सिस्टर म्हणाली, "आणा त्यांना. पण हात सांभाळा."

हात कसा सांभाळायचा ते मी रस्त्यातच ठरवलं. हे स्टुलावर बसले, डावा पंजा गणपतच्या पंजाखाली गेला. उजव्या मनगटाला मी माझ्या लुगड्याच्या पदराची गाठ मारली आणि खाली बसले. लग्नात मारतात तशीच पक्की. हे म्हणाले, "अगं, लोक." मी म्हणाले, "असू दे लोक." उरलेले दिवस आम्ही तिघं असे एका दोरीत होतो. येणारा-जाणारा थांबून बघायचा. एकीनं मला विचारलं, नवस आहे का? मी हो म्हणाले.

सहाव्या दिवशी पुन्हा तेच झालं. गणपत झोपेत म्हणाले, "गेलं रे." ह्यांचा हात उचलला गेला, पदर ताणला आणि मी ओढून धरला. हात खाली आला. मग ह्यांनी गणपतचा पंजा दोन्ही हातांनी तोंडाशी नेला आणि त्यात हळूहळू वाफ सोडत राहिले. पाच-सहा वेळा. गणपत म्हणाले, "निघालं," आणि शांत झोपले. वॉर्डात कुणीही हसलं नाही. मधुकर दारात उभा होता. तो आत येऊन दुसऱ्या बाजूच्या खाटेच्या कडेला बसला आणि बापाच्या पायावर पांघरूण ओढलं.

पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी बोटं धरून विचारलं, "किती?"

"तीन," गणपत म्हणाले. "आन् त्याच्या मागं दगड्या. मिशा पार पांढऱ्या झाल्या तुझ्या." मग त्यांनी मान माझ्याकडं वळवली. भिंतीकडं नाही, माझ्याकडं. "बाई, आता गाठ सोडा. पळून जात नाय तो."

मकबरा आणि परतीची गाडी

निघायच्या आदल्या दिवशी गणपतला घरी आणलं. दवाखान्यापासून बेगमपुऱ्यापर्यंत दोघं हात धरून चालले. मधुकर वीस पावलं पुढं होता. थांबला नाही, पण दोनदा वळून बघितलं. शालिनीनं आम्हाला गुलमंडीवरून आणलेली इमरती खायला दिली, आमच्या जिलबीपेक्षा जाड आणि उडदाची. संध्याकाळी एकच मोठी सतरंजी काढली. तिला कुणी सांगितलं होतं की तिचं तिलाच कळलं, ते मी विचारलं नाही.

मकबराही बघितला. पांढरा, थंड, पाठीमागं डोंगर. मुलानं आईसाठी बांधला म्हणतात. आईसाठी बांधतात, बायकोसाठी बांधतात. कुणी दोस्तासाठी बांधलेला असला तर मला दाखवा, मी पायी जाईन.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. चौक्याचा घाट उतरल्यावर वाऱ्यानं माझ्या डोळ्यात कचरा गेला. मी पदरानं चोळायला लागले. ह्यांनी माझा हात धरला.

"चोळू नको. इकडं बघ."

भरल्या गाडीत त्यांनी धोतराच्या सोग्याच्या चार घड्या केल्या, तोंडाशी धरून वाफ सोडली आणि तो सोगा माझ्या डोळ्यावर ठेवला. ऊन, मऊ, थोडा तंबाखूचा वास. पाच-सहा वेळा. पुढच्या बाकावरच्या बाया वळून बघायला लागल्या, एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. मी मान खाली घातली नाही. हनुवटी ह्यांच्या हातात होती, आणि नसती तरी घातली नसती.